पायात घातलेलं

हिशोबच मांडायचा तर नवऱ्याच्या घोट्यातून मा ओन चिला मिळण्यासारखं बरंच होतं. त्याच्या संध्याकाळी मिळाल्या असत्या, एक-दोन नव्हे, सगळ्याच्या सगळ्या. भात गरम असताना जेवायला बसणारा माणूस मिळाला असता. गल्लीच्या टोकाला वेताचा चेंडू पायापायांवरून टकटकत राहतो आणि आपण चुलीपाशी बसून त्या टकटकीवरून वेळ ओळखतो, हे बंद झालं असतं. आणि सगळ्यांत मोठी रक्कम म्हणजे तो तिला विचारत राहिला असता. हे दुखतंय ते बरोबर दुखतंय ना, ही सूज उतरेल ना, इथं निळं का झालंय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, को तुन यिननं बायकोला काही विचारलं असेल तर ते पाय मुरगळल्यावरच. खर्चाच्या बाजूला एक घोटा. तोही तिचा नव्हे.

आता असा हिशोब तिनं आधी मांडला होता का, असं कुणी विचारलं तर ती शपथेवर नाही म्हणेल आणि ते खोटं असणार नाही. असले हिशोब डोक्यात होत नाहीत. त्या दिवशी पॅगोड्याच्या दक्षिण दाराशी तिच्या बोटांनीच तो परस्पर करून टाकला होता, आणि पुढं कितीतरी दिवस तिला वाटत होतं की बोटांनी काय केलं ते बोटांनाच ठाऊक.

आज बर्मी वासो महिन्याची जत्रा होती आणि ती त्याच दाराशी उभी होती. को तुन पायरीवर बसून काठीच्या टोकानं चपला पायातून ढकलत होता. त्याला वाकून काढता येत नव्हत्या असं नाही, पण कुणी बघत असलं की तो काठीनंच काढायचा. चपला सांभाळणारी मा पु नेहमीसारखी फळीच्या मागं बसली होती, गालांवर थानाखाच्या लेपाचे पिवळे गोल, तोंडात पान. आत मांडवात ढोल आणि सनई सुरू झालेली, खेळाचं वर्णन करणारा माणूस माइकवर कुणाच्या तरी पोटाची थट्टा करत होता. तेवढ्यात एक पोरगेला खेळाडू आला, लुंगी मांड्यांपर्यंत खोचलेली, आणि एका पायात काळा पट्टा. घोट्याला दोन्हीकडून वेढणारा, बुटासारख्या नाड्यांचा, आत प्लास्टिकच्या दोन पट्ट्या शिवलेला. तो थबकला, खाली बघितलं, आणि नाडी सोडायला वाकला. मा पु फळीमागूनच ओरडली, "ए पोरा, ते राहू दे की. ते चपलेत मोडत नाही, औषधात मोडतं. सोडलंस तर उद्या कुबड्या घेऊन येशील, त्या ठेवायला माझ्याकडं जागा नाही." पोरगा हसला, सरळ झाला आणि पट्ट्यासकट आत निघून गेला.

बस, एवढंच. दाराशी रोज शंभर लोक काही ना काही विचारतात आणि मा पु प्रत्येकाला काही ना काही सुनावते. पण मा ओन चि त्या पट्ट्याच्या नाड्या आत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. तिनं को तुनकडे बघितलं नाही. त्याची काठी थांबली होती, एवढं तिला न बघताच कळलं. एक चप्पल अजून त्याच्या अंगठ्याला लटकत होती.

तिला आधी आठवला तो वास. भिजलेल्या प्लास्टरचा, ओल्या भिंतीसारखा. ती दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काम करते, त्या खोलीला खिडकी एकच आणि तीही सुरुवातीपासून न उघडणारी. तिथं रोज कुणाचा ना कुणाचा पाय तिच्या मांडीवर असतो. पायांकडे बघून तिला माणसं कळतात, चेहऱ्यांकडे बघून तेवढी कळत नाहीत. को तुनला त्याच्या खेळाच्या वर्तुळातल्या दोघांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणला तेव्हा तिनं पाय आधी ओळखला आणि मग नवरा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढं फुगलं होतं. मागं उडी घेऊन टाचेनं चेंडू परतवताना तो विटेच्या कडेवर उतरला होता. तिनं हाडाखाली अंगठा दाबला तशी त्यानं तिचं मनगट धरलं. धरलं आणि सोडलं नाही. फोटोत हाड शाबूत निघालं, बंध ताणून फाटले होते. डॉक्टर म्हणाले, मागच्या बाजूनं अर्धं प्लास्टर घाला, सूज ओसरली की पट्टा, आणि पट्ट्यात लवकर चालवा. फार दिवस बांधून ठेवलं तर घोटा आळशी होतो. हे शेवटचं वाक्य डॉक्टर प्रत्येकाला सांगत आणि मा ओन चि प्रत्येकाला बजावून सांगे, एखाद्या शाळेतल्या बाईसारखी.

"गरम होतंय," को तुन म्हणाला होता. प्लास्टर त्याच्या पोटरीवर हळूहळू घट्ट होत होतं.

"होतं. घट्ट होताना गरमच होतं."

"भाजणार नाही ना?"

"मी आहे ना इथं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती ऊब जशी काही तीच त्या पांढऱ्या चिंध्यांत घालते आहे. असं त्यानं तिच्याकडे कधीच बघितलं नव्हतं. त्याचं ते बघणं बाहेर खर्च व्हायचं, वर्तुळाच्या मध्ये उभं राहून हवेतल्या चेंडूकडे. चिनलोनमध्ये, म्हणजे त्या वेताच्या चेंडूच्या खेळात, समोर विरुद्ध बाजू नसते, जिंकणं-हरणं नसतं, सहा जण गोल फिरत एक चेंडू जमिनीवर पडू देत नाहीत आणि त्यांतलाच मधला एक जण पायांनी नाचत त्याला नटवतो, बस. म्हणून तर बायकांना त्या खेळावर रागावताही येत नाही. दारू नाही, जुगार नाही, बाई नाही. तक्रार तरी काय सांगायची? नवरा रोज संध्याकाळी एका गोलात आनंदी असतो, ही काय तक्रार झाली?

ते प्लास्टरचे दिवस. त्यांच्या लांबट खोलीत पूर्वेच्या भिंतीवर बुद्धाचा देव्हारा, आणि सुजलेला पाय उंच ठेवायचा म्हणजे उशी लागणार. तिनं उशी पायाखाली सरकवली तशी सासू किंचाळलीच. डोक्याची उशी पायाखाली, आणि वर तळवा देव्हाऱ्याकडे. सासूला घरात सगळे अमे, म्हणजे आई, म्हणत, गल्लीही अमेच म्हणे. लहानखुरी, काटक, दिवसभर पुटपुटणारी. "तुमच्या दवाखान्यात देव नसतो का गं?" "अमे, पाय वर नाही ठेवला तर सूज उतरत नाही." "मग दुसरीकडे वळव की." पण दुसरीकडे वळवावा तर तिकडं अमेचं अंथरूण. मुलाचे तळवे आईच्या डोक्याकडे करायचे म्हणजे ते तर आणखीच पाप, आईची जागा देवाच्या खालोखालची. शेजारची म्हातारी येऊन सल्ला देऊन गेली की पाय खालीच राहू द्या, शेकून काढा. गल्लीत निम्म्या लोकांचे घोटे असेच आयुष्यभर जाड राहिले आहेत, पाय वर करायचा कुणाकडे हेच न ठरल्यानं. शेवटी अमेनंच तांदळाचं अर्धं पोतं आणून पायाशी ठेवलं, उशीऐवजी. म्हणाली, "माझ्याकडे कर. मला चालतंय. लहानपणी लाथा मारायचाच की झोपेत." आणि पंधरवडाभर ती मुलाच्या तळव्याकडे तोंड करून झोपली. मधूनच उठून त्याच्या प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांना हात लावून बघायची, गार तर नाहीत ना. मा ओन चिला ते आवडत नव्हतं. बोटं तपासायचं काम तिचं होतं.

कारण त्या दिवसांत तो तिचा होता. "मा ओन, आत खाजतंय." ती विणकामाची सुई घेऊन यायची आणि तो म्हणायचा, सुई नको, तूच सांगतेस ना लोकांना सुई घालू नका म्हणून, मग ती काठावर फुंकर घालायची आणि दोघं हसायची. तो तिला सयामा म्हणायला लागला होता, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, चेष्टेत, पण चेष्टेतही शब्द तोच होता. संध्याकाळी टकटक सुरू झाली की त्याची बोटं प्लास्टरच्या टोकाला हलायची, एकटीच, कुत्रं झोपेत पाय हलवतं तशी. तेवढं सोडलं तर तो घरात होता. मग प्लास्टर निघालं, पट्टा आला. पट्टा तिनं स्वतः निवडला, नाड्यांचा, नुसत्या लवचिक मोज्यासारखा नव्हे. पायाला आत वळू न देणारा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून पाऊल बाहेर ढकलायला शिकवलं. मग एका पायावर उभं राहणं. घोट्यातल्या बंधांना आपण कुठं आहोत हे पुन्हा शिकवायला लागतं, डोळे मिटून. तो स्वयंपाकघरात डोळे मिटून एका पायावर उभा राही, हात तिच्या खांद्यावर. त्या हाताचं वजन कमी-कमी होत गेलं. आधी पंजा, मग नुसती बोटं, मग एक बोट. आणि एका सकाळी ती कढईत लसूण परतत होती, मागं वळून बघते तो तो तसाच उभा, बगळ्यासारखा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ते वर्तुळातलं हसू, आणि हात कशालाच लागलेला नाही. लसूण करपला. "बघितलंस?" तो म्हणाला. तिनं बघितलं होतं. ही तिचीच करामत होती, आणि कुठलीही करामत इतक्या चोखपणे करू नये की माणसाची गरज संपावी.

त्या वर्षीही वासोची जत्रा होती. डॉक्टर म्हणाले होते, खेळू दे हलकं, पट्टा मात्र पायातून निघता कामा नये. अमे धरून तिघं याच दाराशी आली. गर्दी इतकी की मा पुला मान वर करायला फुरसत नव्हती. आतून को तुनच्या वर्तुळाचं नाव पुकारत होते. त्यानं चपला भिरकावल्या आणि मग खाली बघून म्हणाला, "याचं काय? हे काढायचं?"

पॅगोड्याच्या आवारात पायात काही घालून जायचं नाही, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. पण चिंधी, औषध, पट्टी ही पायात घातलेली असतात की पायाला बांधलेली, हे कुणी कधी ठरवून सांगितलेलं नाही. अमे गोंधळली. ती त्या काळ्या पट्ट्याकडे, नाड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पायात आहे खरं." मग लगेच सुनेकडे वळली, "पण तूच सांग बाई. दवाखान्यातलं तुला कळतं. काढला तर चालेल का?"

मा ओन चिला कळत होतं. पट्टा बांधून आत गेलेले कितीतरी रोगी तिचेच होते. एका भिक्खूला तर त्याच्या मठात जाऊन तिनंच प्लास्टर घातलं होतं आणि तो प्लास्टरसकट देवासमोर बसला होता. एक शब्द पुरला असता. तो शब्द जिभेवर आला नाही असंही नाही; आला, आणि तिथंच थांबला, कारण त्याच क्षणी को तुनचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. विचारून झालं होतं आणि तो मांडवाकडे बघत होता. त्याचे खांदे आधीच आत गेले होते. ती खाली बसली. कुणाच्याच प्रश्नाला उत्तर न देता तिनं नाडी सोडायला घेतली. बोटं सरावाची, वरचं टोक, मग एकेक आडवी नाडी सैल. त्यानं पाय उचलून दिला, प्रेमळ जनावर देतं तसा. पट्टा हातात आला तेव्हा तो आतून कोमट होता. तिनं तो पिशवीत टाकला. अमे म्हणाली, "बरं झालं बाई, देवाच्या दारात शंका नको."

पुढचं तिनं बघितलं नाही, ऐकलं. आधी लोकांची वाहवा, ढोल चढत गेले, मग अचानक नुसती सनई, कारण ढोलवाल्याला आधी दिसलं. या खेपेला बंध पार तुटले होते आणि हाडाचा एक कपचाही सोबत निघाला होता. दवाखान्यात तिनंच प्लास्टर घातलं. पाऊल नडगीशी काटकोनात हवं, जरा जरी खाली झुकलं आणि तसंच घट्ट झालं तर टाच पुढं जमिनीला टेकत नाही. म्हणून तिनं त्याची बोटं आपल्या छातीशी दाबून धरली आणि प्लास्टर गार होईपर्यंत हलली नाही. इतकं चांगलं प्लास्टर तिनं आयुष्यात घातलं नव्हतं. पुढं डॉक्टर नव्या मुलींना त्याचा फोटो दाखवत.

"तिनं काढायला लावलं," को तुन म्हणाला. गुंगी उतरत होती. "अमेनं."

तिच्या हातात त्याच्या घामाचं फडकं होतं. ती त्याची घडी करत राहिली.

"पायात आहे खरं, म्हणाली. ऐकलंस ना तू? एवढा सगळा खेळ तिच्या त्या देवभोळेपणापायी." मग तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तू बिचारी काय करणार. सासूनं सांगितल्यावर सोडावाच लागणार."

माणसाला दुखत असताना त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. चावायला फडकं देतात तसं. तिनं त्याच्या हाती त्याची आई राहू दिली.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून एक वेगळाच पाय बाहेर आला, म्हाताऱ्याचा, पोटरी सुकलेली, कातडीचे पापुद्रे निघणारा. तो त्याकडे बघून हसला आणि मग त्यानं त्यावर लुंगी ओढून घेतली. पुन्हा ट्यूबचा तुकडा, पुन्हा एका पायावर उभं राहणं. घोटा सुधारलाही असता, निदान चालण्यापुरता तरी नीट झाला असता. पण एका संध्याकाळी वर्तुळाचा म्होरक्या ऊ सेन ल्हा आंबवलेल्या चहापत्तीची पुडी घेऊन आला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "गोलाला भोक ठेवता येत नाही रे तुन. आपल्या सो न्युंटचा मेहुणा घेतलाय. तू बरा झालास की बघू." "बघू की," को तुन म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ट्यूब खुंटीवरून खाली आली नाही. तिनं हट्ट केला, रागावली, सयामासारखं बोलून बघितलं. "कशाला?" तो म्हणाला. "बरं होऊन उभं कुठं राहू?"

त्यानंतर तो आईशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ती ज्या भांड्यातून वाढेल ते तो घेत नसे, बस. अमे पुटपुटायची थांबली. एक दिवस तिनं आपलं गाठोडं बांधलं, नदीपलीकडं सगाईंगला लेकीकडे जाते म्हणाली. बांधता बांधता मध्येच थांबून तिनं सुनेला विचारलं होतं, अगदी खालच्या आवाजात, जणू दुसऱ्याच्या घरातली वस्तू मागते आहे, "तू तिथं होतीस ना गं. मी नक्की काय म्हणाले होते? मला आता नीट आठवत नाही. तो म्हणतो मी काढायला लावलं. मी असं म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, पायात आहे खरं."

"असं म्हणाले?"

"हो अमे."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हातारीनं मान हलवली, बऱ्याच वेळा, आणि गाठ मारली. तिच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग सुनेपाशीच राहिला.

संध्याकाळी मा ओन चिला मिळाल्या. ठरल्याप्रमाणे सगळ्या. को तुन ओट्यावर बसे, डोळे मिटून, आणि टकटकीवरून खेळ ऐके. "हा सो न्युंटच्या मेहुण्याचा पाय. गुडघ्यानं मारतो गाढव." "आता पडला बघ." आणि खरोखरच गल्लीच्या टोकाला चेंडू पडल्याचा आवाज यायचा. भात गरम असताना तो जेवायला बसे. पाणी दे, काठी दे, दिवा लाव. ते विचारणं मात्र परत आलं नाही. पाय दुखण्याचं आता त्याला काही नवं राहिलं नव्हतं. हे तिच्या हिशोबात बसत नव्हतं, पण तसं कुणी लिहून दिलं नव्हतं. कधी कधी तिला वाटे, आत्ता उठून म्हणावं, मला माहीत होतं. पट्टा आत चालतो हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. मग निदान तो वळून तिच्याकडे बघेल. पण वाक्य मनात पूर्ण झालं की तिला त्याचं ते बघणं दिसायचं आणि ती उठून भांडी आवरायला लागायची.

आणि आज सकाळी नणंदेचा, मा थानचा फोन आला होता. को तुन बहिणीचे फोन उचलत नसे, म्हणून तो नेहमी हिच्याकडेच. "वहिनी, अमेचं काही खरं नाही. डॉक्टरनं दोन-चार दिवस सांगितलेत. ती सारखं एकच म्हणते. त्याला सांगा, चूक माझीच झाली, मी त्याची माफी मागते. त्यानं एकदा येऊन जावं." मध्ये ती रडली. आई कधी मुलाची माफी मागते का? मुलानं आईपुढं वाकायचं असतं, वर्षातून एकदा, कपाळ जमिनीला टेकून. "उलटंच झालंय सगळं," मा थान म्हणाली. "आणि वहिनी, मध्येच म्हणते, मी ओनला विचारलं होतं बहुतेक. मग म्हणते, नाही, मीच म्हणाले. तापात आहे. तुम्ही दादाला आणा फक्त."

तो फोन सकाळपासून तिच्या पिशवीत होता आणि निरोप जिभेखाली. को तुन सगाईंगला गेला तर म्हातारीला सगळं आठवणार. तापातली माणसं नेमकं नको ते आठवतात. नाही गेला तर ती मरेल आणि वाक्याचा तो अर्धा भाग तिच्याबरोबर राख होईल. जत्रेत गर्दीत सांगू, दर्शनानंतर सांगू, असं करत करत ती या दाराशी आली होती, आणि या दाराशी मा पुनं तो पोरगा आत सोडला होता.

को तुननं अंगठ्याला लटकलेली चप्पल खाली टाकली. मग मा पुकडे वळून म्हणाला, "काय गं, ते खरंच चालतं?"

"काय?"

"पट्टा. आत चालतो?"

"न चालायला काय झालं? देव काय डोळे मिटून बसलाय म्हणून त्याला कळत नाही होय, आजारी कोण आणि माजलेला कोण?" मा पुनं पानाची पिंक डब्यात टाकली. "आमच्या इथं पहिल्यापासून चालतो. तुमची बायको दवाखान्यात आहे ना? तिला विचारा की."

फरशी मा ओन चिच्या तळव्यांना भाजत होती आणि तिनं पाय हलवला नाही. आता, ती मनात म्हणाली. आता तो वळेल.

तो वळला. "ऐकलंस?" म्हणाला. "चालतो. पहिल्यापासून चालतो. आणि आमची आई." त्यानं काठी पायरीवर आपटली, एकदाच, हलकेच. "तुला तेव्हा ठाऊक असतं तर तू सांगितलंच असतंस."

एवढं म्हणून त्यानं उठायला हात पुढं केला. त्याच्या चेहऱ्यावर शंकेची सुरकुतीही नव्हती. रोज शेकडो घोटे हाताळणाऱ्या बाईला हे माहीत नसणार, याची त्याला इतकी खात्री होती की तिला क्षणभर अपमान वाटला, भीती ओसरायच्या आधी. तिनं हात धरून त्याला उठवलं. मग तिनं बोलायला तोंड उघडलं. काय बाहेर येणार, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"अमेचा निरोप आलाय," ती म्हणाली. "फार आजारी आहे. म्हणते, चूक माझीच झाली. तुमची माफी मागते."

तो थांबला. लोक त्यांना वळसा घालून आत जात होते.

"असं म्हणाली? स्वतःच्या तोंडानं?"

"मा थाननं सांगितलं. एकदा येऊन जा म्हणते." आणि मग, कुणी ढकलल्यासारखं, "दुपारची गाडी आहे. आत्ता निघालो तर मिळेल."

हे ती मनापासून म्हणाली होती. त्या एका क्षणात तिला खरंच वाटलं की गाडी मिळावी, पूल ओलांडावा, म्हातारीनं उठून सगळं सांगून टाकावं आणि हे एकदाचं फुटावं, गळू फुटतं तसं. को तुन विचार करत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी सैल झालं. पाठ थोडी ताठ झाली. इतक्या वर्षांत तो इतका बरा कधी दिसला नव्हता.

"शेवटी कबूल केलं तर," तो म्हणाला. "मी तरी वेगळं काय म्हणत होतो?"

"मग जायचं ना?"

"आता कशाला?" तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "कबूल केलं, संपलं. माझ्या मनात काही नाही, सांग तिला. तिथं जाऊन रडारड बघत बसायची. आणि या पायानं बसमध्ये दोन तास पाय लोंबकळत ठेवायचा म्हणजे सुजणार. तूच सांगतेस ना?"

ती हो म्हणाली. सुजणार होताच.

मांडवात ऊ सेन ल्हानं त्याला लांबून बघितलं आणि चटईवर जागा करून दिली, अगदी वर्तुळाच्या काठाशी. को तुननं बसताबसताच सांगून टाकलं, "अमेनं माफी मागितली. स्वतःहून." म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मोठ्या मनाची बाई, कुणीतरी म्हणालं. मोठ्या मनाचा मुलगा, दुसरं कुणी म्हणालं, मनात काही ठेवलं नाही. मध्ये तो पट्टा बांधलेला पोरगा नाचत होता आणि चेंडू त्याच्या पावलावरून उडून खांद्यावरून परत पावलावर येत होता. फोन पिशवीत थरथरला. मा ओन चि खांबाआड गेली. "सांगितलं गं," ती म्हणाली. "बरं म्हणाले. मनात काही नाही म्हणाले." पलीकडे मा थान विचारत राहिली, म्हणजे येतोय ना, वहिनी, अमेला काय सांगू, येतोय ना. ढोल वाढले होते, ऐकू येत नव्हतं असं म्हणण्यासारखी सोय होती. तिनं फोन बंद केला. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ वाट बघितली. वाटलं ते एवढंच, की आता तळवे भाजत नाहीत, मांडवातली फरशी गार आहे.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. वर्तुळाचं काहीच गेलं नाही, ते पहिल्यासारखंच गोल आहे. को तुनचा घोटा गेला, त्याच्या बदल्यात त्याला गुन्हेगार मिळाला आणि आज त्या गुन्हेगाराची कबुलीही मिळाली. मा ओन चिचं गेलं ते कुणाला दिसण्यासारखं नाही, मिळालं ते ओट्यावर बसून असतं. बाकी सगळं भरलं ते सगाईंगच्या त्या म्हातारीनं, जिनं पट्ट्याला हातसुद्धा लावला नव्हता. आणि भरून झाल्यावर ती दाराकडे बघत वाट पाहत होती, आपलं देणं पोचलं की नाही.